संपातील रिकामी जागा

सांगलीत कृष्णेच्या काठी राहणाऱ्या माणसाला पाण्याची पातळी वाचायला वेगळे शिकावे लागत नाही. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांवर गेले की इशारा आणि 45 फुटांवर गेले की धोका, हे येथील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. कोयनेच्या सहा दरवाजांतून आज किती विसर्ग सोडला याची चौकशी चहाच्या गाड्यावरही होते. माझी सगळी नोकरी पाटबंधाऱ्याच्या कामांवर गेली, त्यामुळे सांडवा (जादा पाणी सांडण्याची वाट), माथा (ज्या कडेवरून ते सांडते ती), फ्रीबोर्ड (पाण्यापासून काठापर्यंतची मोकळी उंची) हे शब्द माझ्या तोंडात बसलेले आहेत. असे असूनही निवृत्तीनंतर घरातल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाला ओव्हरफ्लो आणि संप जोडताना मी पहिल्या खेपेस जी चूक केली, ती एखाद्या नवख्या मिस्त्रीनेही केली नसती.

संप म्हणजे मुख्य टाकीच्या खाली, स्टँडच्या कपाटात ठेवलेली दुसरी काचेची टाकी. वरच्या टाकीतील पाणी एका ठरावीक उंचीवरून सांडते, पाइपाने खाली येते, गाळले जाते आणि मोटर ते पुन्हा वर चढवते. या शब्दावरून घरात थोडी करमणूक झाली. "उद्या दिवसभर संपाचे काम आहे," असे मी सांगितले तेव्हा सौ.नी शांतपणे "कोणत्या खात्याचा?" असे विचारले, आणि पुढे काम लांबत गेले तेव्हा रोज संध्याकाळी "मिटला का?" अशी चौकशी होऊ लागली.

गोड्या पाण्याच्या टाकीत गप्पी किंवा गोल्डफिश पाळणाऱ्याला या खटाटोपाची गरज भासत नाही. खाऱ्या पाण्यात ती भासते, कारण माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून सुटणारी प्रथिने व स्निग्ध द्रव्ये पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन पातळ साय धरतात. ही साय हवेतील प्राणवायू पाण्यात मिसळण्याच्या आड येते, आणि मुळातच खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो: 25 अंश तापमानाला गोड्या पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास, तर समुद्राच्या पाण्यात पावणेसात. टाकीतल्या तळाजवळच्या फिल्टरला ही साय दिसतही नाही. सांडव्यावरून मात्र नेमके सर्वांत वरचे पाणी जाते, म्हणून साय आपोआप ओढली जाऊन खाली संपात बसवलेल्या प्रोटीन स्किमरपर्यंत पोहोचते. स्किमर तीच द्रव्ये बारीक बुडबुड्यांना चिकटवून फेसाच्या रूपाने कपात गोळा करतो. हीटर, स्किमर, मोटर ही सगळी यंत्रे कपाटात गेल्याने वरची टाकी स्वच्छ दिसते, हा लाभ खराच. पण माझ्या मते तो दुय्यम आहे.

माझी पहिली टाकी तीन फुटांची होती आणि तिला भोक पाडलेले नव्हते. काचेला भोक पाडण्याची भीती वाटल्याने मी काठावर टांगायची ओव्हरफ्लोची पेटी घेतली. तिच्यात उलट्या यू आकाराची एक नळी काठावरून पाणी बाहेर आणते आणि ती सायफनवर, म्हणजे नळी पूर्ण भरलेली असेपर्यंत काठावरून चढून खालच्या पातळीकडे आपोआप वाहणाऱ्या धारेवर, चालते. सायफन म्हणजे काय हे मला कोणी शिकवण्याची आवश्यकता नव्हती. त्या नळीच्या सर्वांत उंच वळणात बारीक बुडबुडे हळूहळू साठतात आणि पुरेशी हवा साठली की धार तुटते, हेही मला कळायला हवे होते. धार तुटली ती रात्री. वरून खाली येणारे पाणी थांबले, पण खालची मोटर इमानदारीने पाणी वर चढवत राहिली. त्या संपात मी कप्पे पाडणारे काचेचे पडदे घातलेले नव्हते, म्हणजे मोटरला उपसण्यासाठी साधारण 27 लिटर पाणी मोकळे होते, आणि वरच्या टाकीत काठापर्यंत जागा होती जेमतेम साडेसहा लिटरांची. उरलेले वीस लिटर दिवाणखान्याच्या फरशीवर आणि तेथून सांध्यांतून खाली. सकाळी सहाला खालच्या मजल्यावरच्या वहिनी दारात उभ्या होत्या. "भाऊजी, छतातून पाणी गळतंय ते समजलं, पण ते खारट कसं काय?" त्यांनी ते चाखून पाहिले होते, हे मला आजही विशेष वाटते.

या प्रसंगानंतर मी वही घेऊन बसलो आणि नवी टाकी धरणासारखी आधी कागदावर बांधली. बाहेरून चार फूट लांब, दीड फूट रुंद, 12 मिलिमीटर जाडीची काच. आतील माप 119 सेंटिमीटर गुणिले 43 सेंटिमीटर, उंची 48. म्हणजे पातळीतील प्रत्येक सेंटिमीटरला 5.1 लिटर पाणी. हा एक आकडा सर्वांत आधी काढून टाकीच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवावा, कारण पुढचे सगळे हिशेब त्याच्याशी येऊन थांबतात.

सांडव्याची लांबी किती घ्यावी, याचे उत्तर पाटबंधाऱ्याच्या कामात रोज वापरले जाणारे सूत्र देते: विसर्ग हा माथ्याची लांबी आणि माथ्यावरील पाण्याच्या उंचीचा दीड घात यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. तासाला 1800 लिटर, म्हणजे सेकंदाला अर्धा लिटर पाणी 40 सेंटिमीटर लांबीच्या सपाट माथ्यावरून जात असेल, तर माथ्यावर पाण्याचा थर सुमारे 8 मिलिमीटर राहतो. सांडणारे पाणी झेलणाऱ्या पेटीत मासे जाऊ नयेत म्हणून माथ्याला कंगव्यासारखे दाते ठेवावे लागतात. दात्यांनी निम्मी लांबी अडवली तर तोच थर 12 मिलिमीटर होतो. चार मिलिमीटरांचा फरक ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण वीज गेल्यावर माथ्यावरचा हा सगळा थर खाली संपात येतो, आणि 12 मिलिमीटर म्हणजे सहा लिटर पाणी. शिवाय थर जितका पातळ तितकी साय चांगली ओढली जाते. लांबी वाढवली तर दोन्ही गोष्टी साधतात. लहानशी, खोल, चौकोनी पेटी कोपऱ्यात बसवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. माझी पेटी मागच्या काचेला आतून चिकटवलेली, 40 सेंटिमीटर लांब आणि 12 सेंटिमीटर रुंद आहे.

पेटीतून पाणी खाली नेण्याच्या तीन पद्धती छंदी मंडळींत प्रचलित आहेत. सर्वांत जुनी ड्युर्सो पद्धत: एकच उभा पाइप, त्याच्या डोक्यावर वळण आणि हवेसाठी बारीक छिद्र. पाणी आणि हवा एकाच पाइपातून खाली जातात, त्यामुळे छिद्राचा आकार जमला नाही तर हुक्का गुडगुडावा तसा आवाज रात्रंदिवस येतो. दुसरी हर्बी पद्धत: दोन पाइप. मुख्य पाइपाचे तोंड पेटीतील पाण्यात पूर्ण बुडालेले असते आणि त्यावर खाली व्हॉल्व्ह असतो. व्हॉल्व्ह इतका आवळायचा की पाइप पूर्ण भरून, हवेशिवाय वाहील आणि पेटीतील पातळी एका जागी स्थिर राहील. दुसरा पाइप कोरडा, केवळ आणीबाणीसाठी. तिसऱ्या, बीन ॲनिमल या नावाच्या पद्धतीत तीन पाइप असतात: एक पूर्ण भरून वाहणारा, एक वरवरचे थोडेसे पाणी नेणारा आणि एक आणीबाणीचा. तिसरी पद्धत सर्वांत निर्धोक आहे, कारण पातळीतील लहानसहान चढउतार मधला पाइप गुपचूप सांभाळतो. मी दुसरी निवडली ती काचेत तीन भोके पाडण्याचे धाडस न झाल्यामुळे, आणि हे काही तांत्रिक कारण नव्हे.

आणीबाणीच्या पाइपाबाबत मात्र तडजोड केली नाही. मुख्य पाइप एक इंची, आणीबाणीचा सव्वा इंची. त्याच्यावर व्हॉल्व्ह नाही, जाळी नाही, काही नाही. मुख्य पाइप पूर्ण तुंबला तरी मोटरचे सगळे पाणी त्याला एकट्याला वाहून नेता आले पाहिजे. त्याचे तोंड माथ्याच्या दोन सेंटिमीटर खाली आणि पेटीतील नेहमीच्या पातळीच्या दोन सेंटिमीटर वर आहे. धरणाच्या भाषेत बोलायचे तर मुख्य पाइप हा कालव्याचा विमोचक, म्हणजे कालव्यात पाणी सोडायचे द्वार, आणि हा खरा सांडवा. विमोचकाला दरवाजा असतो, अशा मोकळ्या सांडव्याला नसतो.

भोके पाडण्याचे काम मिरजेतील एका काचवाल्याने केले, तेही टाकी जोडण्यापूर्वी, काच टेबलावर आडवी असताना. टफन केलेल्या, म्हणजे तापवून कडक केलेल्या काचेला भोक पाडता येत नाही, ती क्षणात चुरा होते, म्हणून साधी काच घेतल्याची खात्री आधी करून घ्यावी. हिऱ्याच्या कणांचा होल सॉ (गोल भोक पाडायची करवत), मंद गती, सतत पाणी आणि हातचा भार अगदी हलका. भोकाच्या कडेपासून काचेच्या कडेपर्यंत निदान भोकाच्या व्यासाइतके अंतर सोडावे. काचेतून पाइप आरपार नेणारा, नळजोडाच्या दुकानात ज्याला टँक निपल म्हणतात तो भाग आधी विकत आणून, त्याचा आटे असलेला भाग मोजून, मगच भोकाचे माप ठरवावे. पाइप एक इंची असला तरी निपलाला लागणारे भोक बरेच मोठे असते आणि प्रत्येक बनावटीत ते थोडे वेगळे निघते. रबरी वॉशर निपलाच्या कॉलरच्या बाजूला, म्हणजे पाण्याच्या बाजूला बसवायचा, नटाखाली नव्हे. नट हाताने आवळून वर पाव फेरा पुरतो. पाना घेऊन जोर लावणाऱ्याची काच तडकते.

पाइप, एल्बो आणि व्हॉल्व्ह यांच्यासाठी मी मत्स्यालयाच्या दुकानांत न जाता ठिबक सिंचनाच्या दुकानात गेलो. सांगली जिल्ह्यात द्राक्षबागांमुळे ठिबकचे साहित्य जितके सहज मिळते तितके क्वचितच कुठे मिळत असेल, आणि ते सगळे प्लॅस्टिकचे असते, हा आपल्या कामाच्या दृष्टीने मोठाच गुण. दुकानदाराने यादी पाहून विचारले, "किती एकराची बाग हाय, साहेब?" मी म्हणालो, "एकर नाही हो, चार फूट." त्याला काय समजायचे ते समजले असावे, कारण नंतर त्याने प्रत्येक वस्तू दोनदा तपासून दिली. तेथेच मला खत सोडायची व्हेंचुरीही दिसली. अरुंद गळ्यातून पाणी वेगाने जाताना दाब कमी होऊन बाजूची नळी द्रव ओढून घेते, आणि स्किमर याच तत्त्वावर हवा ओढतो.

घरगुती नळजोडणीच्या दुकानात जो पितळी गेट व्हॉल्व्ह मिळतो तो मात्र कितीही भारदस्त वाटला तरी घेऊ नये. पितळेत तांबे असते, खाऱ्या पाण्यात ते हळूहळू विरघळते, आणि कोळंबी, गोगलगायी यांसारख्या बिनकण्याच्या जिवांना अगदी अल्प तांबेही घातक ठरते. लोखंडी क्लिपाही गंजतात. हर्बी पद्धतीत व्हॉल्व्ह अगदी सूक्ष्म हलवावा लागतो, आणि साधा बॉल व्हॉल्व्ह पाव फेऱ्यातच उघडून बंद होत असल्याने त्यावर हे जमवताना हात थरथरतो. म्हणून प्लॅस्टिकचा गेट व्हॉल्व्ह पुण्याहून मागवला. तो येईपर्यंत तीन आठवडे बॉल व्हॉल्व्हवर काढले आणि रोज सकाळी पातळी कुठे आहे ते पाहत बसलो.

आता संप. आतील माप 88 गुणिले 36, उंची 37, म्हणजे सेंटिमीटरला सुमारे 3.2 लिटर. पहिल्या कप्प्यात वरचे पाणी कापडी गाळणपिशवीत पडते, दुसऱ्यात स्किमर, मग बुडबुडे अडवणारे तीन पडदे आणि शेवटी मोटरचा कप्पा. पडदे 6 मिलिमीटर काचेचे. पाणी पहिल्यावरून, दुसऱ्याखालून आणि तिसऱ्यावरून जाते. एका अभियंता मित्राने ते पाहून "हा तर तुझा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, बरगे तेवढे काचेचे," असे म्हटले; बरगे म्हणजे बंधाऱ्यात पाणी अडवायला घालतात त्या फळ्या. पडद्यांमधील फट किती ठेवावी यावर मी थोडा अधिक वेळ घालवला. सेकंदाला अर्धा लिटर पाणी 36 सेंटिमीटर रुंद आणि 2 सेंटिमीटर फटीतून गेले तर वेग जवळजवळ 7 सेंटिमीटर प्रति सेकंद होतो आणि बारीक बुडबुडे वर येण्याऐवजी पाण्याबरोबर खाली खेचले जातात. फट 4 सेंटिमीटर केली की वेग निम्म्यावर, साडेतीन सेंटिमीटरांवर येतो. सर्वांत लहान बुडबुडे तरीही निसटतात, परंतु वरच्या टाकीत दुधाळपणा दिसत नाही. तिसऱ्या पडद्याचा माथा 21 सेंटिमीटरवर आहे, त्यावरून 8 मिलिमीटरांचा थर वाहतो, त्यामुळे स्किमरच्या कप्प्यात पाणी कायम 22 च्या जवळ राहते. स्किमरला नेमकी हीच स्थिरता हवी असते. एखाद्या सेंटिमीटराच्या फरकानेही फेस एक तर कपापर्यंत चढत नाही किंवा कपातून पाणीच वाहू लागते.

संप सुरळीत चालू असताना कसा दिसतो हे पाहून त्याचे माप ठरवण्याची चूक बहुतेक जण करतात. माप ठरते ते दोन विपरीत क्षणांवरून. पहिला क्षण वीज जाण्याचा. सांगलीत वळवाचा पाऊस सुरू झाला की हा क्षण आठवड्यातून दोनतीनदा येतो, त्यामुळे त्याला अपवाद म्हणता येणार नाही. मोटर थांबली की वरच्या टाकीतील माथ्यावरचा थर खाली येतो: सहा लिटर. पेटीतील पाणी मुख्य पाइपाच्या तोंडापर्यंत उतरते: चार लिटर. पाइपांत भरलेले दीड लिटर. आणि मोटरचा जो पाइप पाणी वर टाकतो तोच आता उलटा सायफन होऊन, त्याचे तोंड हवेत उघडे पडेपर्यंत, टाकी रिकामी करू लागतो.

हा शेवटचा आकडा निष्काळजी माणसाला बुडवतो. माझ्या नळीचे तोंड चांगला प्रवाह मिळावा म्हणून माथ्याच्या दहा सेंटिमीटर खाली होते. दहा सेंटिमीटर म्हणजे 51 लिटर. आधीचे साडेअकरा मिळवले तर 62 लिटरांहून अधिक पाणी खाली येणार, आणि संपात 22 सेंटिमीटरच्या वर रिकामी जागा आहे 15 सेंटिमीटरांची, म्हणजे 47 लिटरांची. पंधरा लिटर पुन्हा वहिनींच्या छतात. उपाय साधा आहे: त्या नळीला माथ्याच्या एक सेंटिमीटर खाली पाच मिलिमीटरचे छिद्र पाडायचे. पातळी छिद्राखाली गेली की नळीत हवा शिरते आणि सायफन तुटतो. असे केल्यावर 51 च्या जागी 5 लिटर, एकूण सुमारे 17 लिटर, आणि संपाची पातळी साधारण साडेपाच सेंटिमीटरांनी चढते. माझ्या नळीला मी एकाऐवजी दोन छिद्रे पाडली, कारण त्यांत शेवाळ आणि गुलाबी चुनखडी थर धरतो, आणि महिन्यातून एकदा ती दात कोरायच्या काडीने साफ करतो.

येथे कोणीतरी एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटे येऊ न देणारा व्हॉल्व्ह, सुचवतोच. शेतातल्या मोटरला तो असतो, मग येथे का नको? नको असे नाही, पण त्याच्या भरवशावर संपाची रिकामी जागा कमी करू नये. त्याच्या झडपेत एखादी लहान गोगलगाय किंवा चुन्याचा कण अडकला की ती पूर्ण मिटत नाही, आणि ते नेमके वीज गेल्यावरच कळते. मी एनआरव्ही बसवलाच नाही.

दुसरा विपरीत क्षण म्हणजे वरून पाणी उतरण्याचा मार्ग पूर्ण बंद होणे. तेव्हा संपातले पाणी मोटर वर नेत राहणार, परंतु पडद्यांमुळे तिला केवळ आपल्याच कप्प्यातील पाणी मिळते. कप्पा 22 गुणिले 36, पाणी 20 सेंटिमीटर, आणि 7 सेंटिमीटरला मोटर हवा ओढू लागते. म्हणजे जास्तीत जास्त 10 लिटर वर जाऊ शकतात. वरच्या टाकीत नेहमीच्या पातळीपासून काठापर्यंत साडेतीन सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ 18 लिटरांचे फ्रीबोर्ड आहे. पहिल्या टाकीत हे गणित उलटे होते. म्हणून मोटरचा कप्पा मोठा असावा असा जो सल्ला दिला जातो, तो मला अर्धवट वाटतो. मोठा कप्पा बाष्पीभवनासाठी सोयीचा, पण तो वरच्या टाकीच्या फ्रीबोर्डपेक्षा मोठा असता कामा नये.

मीठ घालण्यापूर्वी साध्या पाण्यावर दोन दिवस चाचणी घेतली, आणि ती घेणाऱ्याने घरातील सर्वांना आधी सांगून ठेवावे. सॉल्व्हेंट सिमेंटचे सांधे आधी पूर्ण दिवस वाळू दिले. मग 15 लिटरांची बादली धरून मोटरची खरी धार मोजली. खोक्यावर तासाला 3500 लिटर छापलेले होते. बादली 30 सेकंदांत भरली, म्हणजे 1800. उंची आणि एल्बो मिळून निम्मा विसर्ग खातात, यात कारखान्याची फसवणूक काही नाही, खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. पुढे मोटर बंद करून संपाची पातळी पाहिली. ती पाच सेंटिमीटरांनी चढली, हिशेबाच्या जवळ. मग मुख्य पाइपाच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबला. पेटी भरली, आणीबाणीचा पाइप मोठ्याने घुरघुरला आणि सगळे पाणी त्याने उतरवले; टाकीची पातळी जाणवेल इतकी हललीसुद्धा नाही. तो आवाज होतो हे चांगलेच आहे, कारण मध्यरात्री तोच आपल्याला उठवतो. शेवटी दोन्ही तोंडे बंद केली. मोटरने आपला कप्पा उपसला, वरची पातळी दोन सेंटिमीटर चढली आणि मोटर सुक्या आवाजात गुरगुरू लागली. काठ अजून दीड सेंटिमीटर दूर होता. सौ. पोचे घेऊन शेजारी उभ्या होत्या. त्यांना ते तसेच परत न्यावे लागले.

एक गोष्ट हिशेबात नव्हती. वीज परत आल्यावर मुख्य पाइप काही केल्या भरून वाहीना. पेटी भरून आणीबाणीचा पाइप अर्धा तास ओरडत राहिला. कारण शोधताना संध्याकाळ झाली. मुख्य पाइपाचे खालचे टोक मी संपाच्या पाण्यात 12 सेंटिमीटर बुडवले होते, आणि पाइपात अडकलेल्या हवेला तेवढे पाणी ढकलून बाहेर पडता येत नव्हते. टोक कापून ते पाण्यात केवळ 2 सेंटिमीटर राहील असे केले. आता वीज आल्यावर मिनिटभर खळखळाट होतो, हवा बाहेर पडते आणि आवाज बंद होतो.

सगळे ठरल्यावर संपाच्या काचेवर तीन पट्ट्या चिकटवल्या. हिरवी नेहमीच्या पातळीला, पिवळी वीज गेल्यानंतरच्या पातळीला, लाल काठापासून तीन सेंटिमीटर खाली. नातू पिवळीला इशारा आणि लालला धोका म्हणतो.

मिठाचे पाणी आरओच्या पाण्यात तयार करतो, लिटरला मीठ 35 ते 38 ग्रॅम, आणि क्षारता हजारी 35 च्या आसपास ठेवतो. उडून जाते ते केवळ पाणी, मीठ मागेच राहते, हे तत्त्व लक्षात असूनही पहिल्या उन्हाळ्यात मी गोंधळलो. एप्रिल-मे महिन्यांत, संपावर पंखा लावलेला असताना, रोज चार लिटर पाणी उडते. वरची टाकी आणि स्किमरचा कप्पा यांच्या पातळ्या सांडव्याने बांधलेल्या असल्याने तेथे काहीच दिसत नाही. सगळी घट मोटरच्या कप्प्यात दिसते आणि ती एका दिवसात पाच सेंटिमीटर असते. खडक आणि वाळू वजा जाता माझ्या यंत्रणेत सुमारे 265 लिटर पाणी आहे, त्यामुळे चार लिटर उडाले की क्षारता 35 वरून साडेपस्तीसवर जाते. म्हणून फ्लोट व्हॉल्व्हने साधे आरओचे पाणी आपोआप भरण्याची सोय केली. हा व्हॉल्व्ह कधी तरी उघडा अडकणार, हे गृहीत धरून त्याला पुरवठा थेट नळातून न देता 20 लिटरांच्या कॅनमधून दिला आहे. संपूर्ण कॅन एका दमात रिकामा झाला आणि त्याच रात्री वीजही गेली, तरी 20 आणि 17 मिळून 37. संपात जागा आहे 47 ची. क्षारता तेव्हा साडेबत्तीसच्या आसपास उतरेल, मासे ते सोसतील.

खडक चिनी मातीचे, कृत्रिम आहेत. प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली संरक्षित आहेत, त्यामुळे कोणी जिवंत किंवा वाळलेला प्रवाळ विकत देऊ लागला तर घेऊ नये. माझ्याकडे क्लाऊन माशांची जोडी, दोन गोबी आणि काही गोगलगायी एवढाच संसार आहे.

विजेबाबत थोडक्यात: बोर्ड कपाटाच्या आत नको, प्रत्येक वायरीला प्लगच्या आधी खाली झोळ द्यावा म्हणजे वायरीवरून आलेला थेंब तेथेच गळेल, आणि घराला ईएलसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर मासे आणण्याआधी तो बसवावा. स्किमर मात्र मोटरबरोबर चालू होऊ देऊ नये. वीज येते तेव्हा संपाची पातळी पिवळ्या पट्टीवर असते, आणि त्या खोल पाण्यात स्किमर सुरू झाला तर कपातील घाण पुन्हा पाण्यात उतरते. मी त्याला दहा मिनिटे उशिरा चालू होणारा टायमर लावला आहे.

एवढे हिशेब करूनही स्टँडच्या बाबतीत एक माप राहून गेले. स्टँड दीड इंची चौकोनी लोखंडी पाइपांचा, वेल्डरकडून करून घेतला आणि वर इपॉक्सी रंग दिला. त्यावर चारशे किलोंच्या आसपास भार आहे आणि तो भार तो बिनतक्रार घेतो. परंतु स्किमरचा कप काढायचा तर तो आधी 11 सेंटिमीटर सरळ वर उचलावा लागतो, आणि कपाच्या बरोबर वर, 8 सेंटिमीटरांवर, स्टँडची आडवी पट्टी आहे. त्यामुळे दर चौथ्या दिवशी कप धुताना मला स्किमर बंद करून, दोन्ही हातांनी तिरका करून, कोपरापर्यंत भिजत तो बाहेर काढावा लागतो. पट्टी कापायची तर वरच्या टाकीतले सगळे पाणी आधी उतरवावे लागेल, म्हणून सध्या तरी टॉवेल कपाटाच्या दाराला टांगून ठेवला आहे.